मेडिकेअर 2026: स्किन सबस्टिट्यूटचा एकच दर, जुन्या मालाचं काय?

कोडर_हडपसर
अमेरिकेतल्या पोडिएट्री (पायांच्या आजारांच्या) क्लिनिकची बिलं पुण्यातून करतो. डायबेटिक फूट अल्सरवर (मधुमेहामुळे पावलाला झालेल्या, न भरणाऱ्या जखमेवर) लावायच्या स्किन सबस्टिट्यूटला, म्हणजे त्वचेऐवजी लावायच्या पॅचला, मेडिकेअर (तिथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) 1 जानेवारी 2026 पासून चौरस सेंटिमीटरला साधारण 127 डॉलर देतंय. क्लिनिककडे 900 डॉलरनं घेतलेला माल पडून आहे. तो जुन्या भावानं लागेल का? पॅच लावण्याच्या कामाचे बिलातले कोड तेच आहेत ना?

पार्टबी_नाना
नाही लागणार. पॅच लावल्याची तारीख धरतात, खरेदीची नाही. 16 चौ. सेंमीचा तुकडा तुम्हाला 14,400 ला पडलाय, मंजूर होणार 2,032 च्या आसपास, त्यातही 20 टक्के पेशंटचे. पुरवठादाराकडे परतीचं बोलणं आत्ताच लावा.

लावण्याचे कोड तेच. पाऊल आणि बोटांना 15275, पहिल्या 25 चौ. सेंमीपर्यंत. पोटरीवरच्या व्हीनस अल्सरला (शिरांच्या दोषामुळे झालेल्या जखमेला) मात्र 15271. इथेच सगळ्यात जास्त क्लेम अडकतात, कारण डॉक्टर नोटमध्ये नुसतं ‘लोअर एक्स्ट्रिमिटी’ (पाय) लिहून मोकळे होतात, पाऊल की पोटरी ते कळत नाही. हे कोड जखमेच्या मापावर लावायचे, पॅचच्या नाही. पॅचची युनिट्स वेगळ्या क्यू-कोडवर (मालाच्या, Q ने सुरू होणाऱ्या कोडवर). त्याच जखमेचं डिब्राइडमेंट (मृत भाग काढून साफ करणं) वेगळं लावू नका.

हिशेबनीस
हे होणारच होतं. पार्ट बीचा (मेडिकेअरच्या डॉक्टर आणि ओपीडी उपचारांच्या भागाचा) या मालावरचा खर्च 2019 मध्ये 25 कोटी डॉलर होता, 2024 मध्ये 1,000 कोटींवर गेला. जखमा काही चाळीसपट वाढल्या नाहीत! क्लिनिकला मालाची सरासरी विक्री किंमत आणि वर 6 टक्के मिळायचे, म्हणजे माल जितका महाग तितकी कमाई जास्त. वर खरेदीतली सूट क्लिनिकच्या खिशात. हॉस्पिटलच्या ओपीडीत 2014 पासून पॅच प्रोसिजरच्या पैशातच धरला जायचा, म्हणून हा पूर खाजगी क्लिनिक आणि घरभेटींत आला.

एकच दर मला तरी अर्धवट वाटतो. एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामकाची) पूर्वपरवानगी घेऊन, चाचण्या करून आलेल्या पॅचला आणि नुसत्या वाळवलेल्या गर्भवेष्टनाला सारखेच पैसे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या सेक्शन 351 खाली परवाना असलेली बायोलॉजिकल उत्पादनं तेवढी जुन्या पद्धतीवर राहिली आहेत.

कोडर_हडपसर
आणि त्या एलसीडीचं (हे पॅच कधी मंजूर करायचे त्याच्या स्थानिक नियमावलीचं)? जानेवारीपासून लागू होणार होती ना?

पार्टबी_नाना
डिसेंबर 2025 मध्ये मागे घेतली. पण तेवढ्यावरून कागद ढिले ठेवू नका, वैद्यकीय गरज दाखवावीच लागते. न्यू जर्सी, ओहायो, ओक्लाहोमा किंवा टेक्सासमधलं क्लिनिक असेल तर तिथे वायझर मॉडेल (मेडिकेअरची पूर्वमंजुरीची प्रायोगिक योजना) आहे: आधी मंजुरी मागा, नाहीतर पैसे देण्याआधी क्लेम तपासला जाईल. हे फक्त ओरिजिनल, म्हणजे सरकार थेट चालवतं त्या मेडिकेअरला. खाजगी कंपन्यांच्या ॲडव्हान्टेज प्लॅनचे नियम ज्याचे त्याचे.

फाइलमध्ये चार आठवड्यांच्या नेहमीच्या उपचारांची दर भेटीतली लांबी-रुंदी-खोली, एबीआय (पायातल्या रक्तप्रवाहाची तपासणी), एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ऑफलोडिंगला (जखमेवरचा भार कमी करायला) नेमकं काय दिलं ते हवं. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं असेल तर पॅचची गरज पटवणं अवघड जाईल.