गाण्याच्या शिकवणीचे महिन्याला बाराशे मागितले तं चुकलं काय?

पेटीवाली_खामला:
नमस्कार. मी नागपूरला खामल्यात घरीच गायन आणि पेटी शिकवते, अकरा वर्षं झाली. आठवड्यातून दोन दिवस एक-एक तास, एका बॅचमध्ये चार-पाच मुलं, आणि 2019 पासून फी 700 रुपये महिना, एक रुपया वाढवला नाही. मधात लॉकडाऊन आलं, तेव्हा कोणाला काय मागायचं म्हणून राहिलं आणि मग राहूनच गेलं. यंदा जूनपासून 1200 करते म्हणून आयांच्या ग्रुपवर टाकलं तं दोन दिवस सगळ्या चूप, तिसऱ्या दिवशी एकीनं लिहिलं की मॅडम गाणंच आहे न, गणिताची ट्यूशन थोडीच आहे. ते लय लागलं मला. सध्या 18 मुलं आहेत, म्हणजे 12,600. त्यातून पेटीचं ट्यूनिंग, उन्हाळ्यात कूलरशिवाय मुलं बसत नाहीत त्याचं बिल, आणि आठवड्यातले चार दिवस साडेपाच ते साडेसात समोरची खोली घरच्यांसाठी बंद. तं खरं सांगा, फी ठरवायची कशी? तासावर, महिन्यावर, की समोरच्याचं तोंड पाहून?

हिशेबी_बाप:
मॅडम राग मानू नका पण हिशेब तुम्ही अर्धाच दिला. चार बॅच म्हणजे आठवड्याला आठ तास, महिन्याला 32. 12,600 भागिले 32, तासाला 390 च्या वर आत्ताच पडून राहिले तुम्हाला. 1200 केले की 675 होते. खाजगी शाळेतल्या किती मास्तरांना तासाचे एवढे भेटतात? आणि एकदम सत्तर टक्क्यांच्या वर वाढ! दरवर्षी शंभर-शंभर वाढवले असते तं कोणी चूं केलं नसतं. दुसरं म्हणजे माझा मुलगा तबला शिकते, दुसरीकडे, मागच्या महिन्यात आठातले पाचच क्लास झाले, एकदा सरांचा प्रोग्राम, एकदा पाऊस, एकदा आम्ही लग्नाला, पैसे मात्र पूर्ण. दूधवाला तीन दिवस नाही आला तं आपण कापतो न?

ठेका_नंदनवन:
दूधवाल्याचं सांगू नका भाऊ, मी स्वतः तबला शिकवतो. उरलेल्या दुधाचं दही लागते, माझ्या रिकाम्या तासाचं नाही लागत. तुम्ही लग्नाला गेले तरी साडेसहाची जागा तुमच्या पोराचीच होती, तिथं मी दुसऱ्याला कसा बसवू? सरांच्या प्रोग्राममुळे गेलेला क्लास मात्र सरांनी भरून द्यायलाच पाहिजे, तिथं तुमचं बरोबर. माझ्याकडे महिन्याचे आठ, माझ्यामुळे बुडाला तं मी देतो, तुमच्यामुळे बुडाला तं गेला. पाचवा आठवडा आला तं त्याचे वेगळे पैसे नाही. मेचे अर्धे घेतो, अर्धे पोट्टे मामाकडे आणि बाकीचे 45 डिग्रीत अर्धमेले. आणि घरी येऊन शिकवा म्हणणाऱ्यांचं तं विचारूच नका, नंदनवन ते धरमपेठ जाऊन-येऊन, गाडी लावून दीड तास जाते, शिकवायचा एक तास, आणि 400 म्हटलं की अरे बाप्पा! गाडीत पेट्रोल टाकावं लागते हो, धागेतिरकिट टाकून चालत नाही ती.

महालातले_काका:
वाचून वाईट वाटले. आम्ही महाल भागात गुरुजींकडे सहा वर्षे शिकलो, फी हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. गुरुपौर्णिमेला नारळ आणि जमेल ते पाकीट. तासाबिसाचे बंधन नाही, सकाळी सहाला जाऊन बसायचे, चक्कीवरून दळण आणायचे, तानपुरे पुसायचे, गुरुजींची लहर लागली की दोन-दोन तास शिकवायचे. याच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडे घडले, ते काय तासाचा भाव विचारून? विद्येला रेटकार्ड लावले की तिचे दुकान होते.

विशारद_अर्धवट:
काका, सहा वर्षं दळण आणलं न? तीच फी होती, फक्त पावती नव्हती. आणि वसंतरावांचं नाव घेताय तं हेही सांगा की ते कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्सच्या ऑफिसात नोकरी करत होते. एवढ्या मोठ्या गवयाला नोकरी करावी लागली, तं आमच्या खामल्याच्या मॅडमनी काय हवा खायची? तुमचे गुरुजी काय करायचे, गाण्याशिवाय?

महालातले_काका:
शाळेत संगीत शिक्षक होते. पेन्शन होती, हो.

विशारद_अर्धवट:
झालं मग.
बरं, मूळ प्रश्नावर. सगळ्यांना एकच फी हेच चूक आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, वर्षाला एक धरली तरी सात वर्षं. सुरुवातीला अलंकार, सरगम गीत, छोटा ख्याल असं सोपं असते, ते पाच जणांत बसून छान होते, उलट एकट्याला लाज वाटते. पुढे बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत आलाप घेत गायचा प्रकार, आला की पाच जणांची बॅच म्हणजे एक आलाप घेतो आणि चार जण मोबाईल पाहतात. मी मध्यमा पूर्णला, म्हणजे पाचव्या परीक्षेला सोडलं त्याचं एक कारण हेच. तासात माझ्या वाट्याला बारा मिनिटं यायची, तीही लाईट गेली नाही तर. आणि ज्यांना फक्त दहावीचे वाढीव मार्क पाहिजेत त्यांनी तसं सरळ सांगावं बाप्पा, त्यांना रागाचं चलन, म्हणजे त्यातले सूर कसे चालतात ते, समजावत बसण्यात मॅडमचाही घसा जाते.

कोथरूडला_असतो:
इथं पुण्यात 1200 मध्ये बॅचसुद्धा भेटत नाही. नागपूर स्वस्तच आहे.

ठेका_नंदनवन:
तुमच्या घरभाड्याचा भाव इथं काऊन आणता भाऊ.

हुडकेश्वरची_आई:
मी सहसा लिहीत नाही. माझ्या दोन मुली गाणं शिकतात, या मॅडमकडे नाही, पण तिथेही वाढणार ऐकून राहिली. 700 प्रमाणे 1400 कसेतरी जमतात, मी पार्लरमध्ये कामाला आहे. 2400 झाले तं एकीला काढावं लागेल आणि कोणतीला काढू? सवलत मागावी तं ग्रुपवर सगळ्यांसमोर कशी मागणार.

पेटीवाली_खामला:
ताई, ग्रुपवर मागूच नका, एकटं गाठून बोला. माझ्याकडे दोघींचे मी घेतच नाही (वरच्या 12,600 मध्ये त्याही धरल्या होत्या), कोण आहेत ते बाकीच्यांना माहीतही नाही. तुमच्या मॅडमही ऐकतील.

हुडकेश्वरची_आई:
फुकट नको. फुकट असलं की मुलीला मागं बसवतात, तिचा क्लास आधी कॅन्सल होते, मी पाहिलं आहे एका ठिकाणी. कमी घ्या पण घ्या. मग एखाद्या दिवशी माझी पोरगी काऊन गायली नाही म्हणून विचारता तरी येते.

हिशेबी_बाप:
ताईंचं पटलं. आणि अर्धवट साहेबांची बारा मिनिटं डोक्यात बसली, म्हणून रात्री परत कागद घेतला. पाचच्या बॅचमध्ये 700 ने मॅडमला तासाचे 437 पडतात. तीनची बॅच केली आणि 1200 घेतले तं 450. म्हणजे तासाचं जवळपास तेवढंच, पण मुलाला बाराच्या जागी वीस मिनिटं. असे 1200 मी उद्या देतो. पाचच्या पाच बसवून 1200 असेल तं माझा विरोध कायम आहे, तिथं तुम्ही काही जास्त देत नाही, फक्त जास्त घेता.

पेटीवाली_खामला:
सहा वर्षं काहीच वाढवलं नाही हे तुमच्या कागदावर कुठं दिसत नाही भाऊ, पेटीवाल्यानं ट्यूनिंगचे पैसे तेव्हापासून दोनदा वाढवले. 437 वर मी किती वर्षं राहायचं? आणि सगळ्या तीनच्या केल्या तं सहा बॅच होतात, आठाचे बारा तास, सासूबाईंना समोरच्या खोलीतला टीव्ही आठवडाभर भेटणार नाही. पण बारा आणि वीस मिनिटं हे खरं आहे, मी असं कधी मोजलंच नव्हतं. असं करते, प्रारंभिकच्या दोन पाचच्या ठेवते, त्यांचे 900. पुढच्या परीक्षावाल्यांच्या तीन-तीनच्या, त्यांचे 1200. बुडालेल्या क्लासचा नियम नंदनवनवाल्यांचा, मेचे अर्धे. दोघी आहेत त्यांच्या आयांना विचारते, त्यांना द्यायचे असतील तं किती.

हिशेबी_बाप:
900 जास्तच आहे. 850?

ठेका_नंदनवन:
भाजी घेऊन राहिले काय भाऊ

विशारद_अर्धवट:
मॅडम, त्या गणितवाल्या बाईंना काय उत्तर दिलं?

पेटीवाली_खामला:
काहीच नाही. त्यांची मुलगी काल आली होती, तीनताल हातावर धरून राहिली होती, नवव्या मात्रेला खाली असते, म्हणजे टाळी द्यायची नसते, तिथं दर वेळी टाळीच देत होती. म्हटलं मोज पुन्हा, सोळाच मात्रा आहेत.