मदत हवी आहे: गावच्या जुन्या धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपते, तपासणी कोणाकडून करून घ्यावी?

भोरकर_पुणे: भोर तालुक्यातील आमच्या गावचे मातीचे धरण चाळीस वर्षांहून जुने आहे. शनिवारी गावी गेलो, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी, आमच्या भातखाचराच्या बांधालगत, पाणी झिरपताना दिसले. ग्रामपंचायतीत सांगितले तर ‘पावसाळ्यात असे व्हायचेच’ म्हणाले, आणि एका कार्यालयाने धरण आपल्याकडे नाही म्हणून अर्जच परत केला. खासगी अभियंता कुठे मिळेल आणि खर्च किती येईल, एवढेच कृपया लवकर सांगा.

निवृत्त_उपअभियंता: अभियंत्याचे नंतर पाहू. पाणी स्वच्छ आहे की गढूळ? धरणाची उंची किती? सांडवा वाहतो आहे का? मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणारच, ते सुरक्षित बाहेर पडावे म्हणूनच पायथ्याला रॉक टो, म्हणजे दगडांचा निचरा थर, बांधतात. पण पाण्याबरोबर भरावाची माती येऊ लागली, तर आतल्या आत पोकळी वाढत जाते आणि भिंत वरून धडधाकट दिसत असतानाच खचते.

बागायतदार: आमच्या तलावाच्या भिंतीवरच्या बाभळी मुळासकट काढल्यावर गळती थांबली होती. आजच माणसे लावून झाडे काढून टाका.

निवृत्त_उपअभियंता: कृपा करून असे करू नका. तलाव भरलेला असताना मुळे उपटली, तर त्या खड्ड्यांतूनच पाण्याला वाट मिळेल. हे काम उन्हाळ्याचे आहे, आणि खड्डे थराथराने माती भरून ठोकावे लागतात.

बांधकामवाला: जिथून पाणी येते ते तोंड सिमेंटने बंद करा, प्रश्न मिटेल.

निवृत्त_उपअभियंता: खालून तोंड बुजवले की पाणी आत तुंबते आणि दुसरीकडून फुटते. तिथे आधी वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असे थर टाकतात. पाणी जाऊ द्यायचे आणि माती अडवायची.

जलमित्र_हडपसर: गाळही भरपूर साचला असेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात अर्ज करा, शेताला सुपीक माती मिळेल.

वकील_शिवाजीनगर: गाळाचा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार १५ मीटरपेक्षा उंच धरणांची, आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांची, पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. धरण त्याहून लहान असले, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही. मालक कोण, जिल्हा परिषद, जलसंधारण की जलसंपदा, हे तहसीलदारांना लेखी विचारा आणि पोच घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरणाच्या गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले.

भोरकर_पुणे: उंची माहीत नाही, सांडवा आठवड्यापासून वाहतो आहे. धाकट्या भावाने आज काचेच्या बाटलीत पाणी भरून ओसरीवर ठेवले होते. तासाभराने तळाशी बोटाच्या पेराएवढी तांबूस माती बसली. झिरपण्याच्या जागी वाटीएवढा वाळूचा ढीगही झाला आहे, मध्ये भोक आहे.

निवृत्त_उपअभियंता: मग सकाळची वाट पाहू नका. आत्ताच १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला गाव, धरण आणि ‘गढूळ गळती’ या तीन गोष्टी सांगा. सरपंचांना उठवा, ओढ्याकाठची घरे वरच्या शाळेत हलवायला सांगा. भावाला भिंतीवर एकट्याने जाऊ देऊ नका.

भोरकर_पुणे: फोन लागला, नोंद घेतली आहे. सरपंच आणि पोलीस पाटील वस्तीवर पोहोचले. मी कात्रजच्या घाटात आहे.