सिरीजमुळे जुनं गाणं ऐकलं तर काय बिघडलं?

घोडबंदरची आई: काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "सिरीज बघून जुनी गाणी ऐकणारी पोरं श्रोते नाहीत, गिऱ्हाईकं आहेत." डोकंच फिरलं. माझी मुलगी २०२२ला सातवीत होती, नेटफ्लिक्सच्या स्ट्रेंजर थिंग्ज सिरीजचा चौथा सीझन बघितला, त्यात मॅक्स नावाच्या मुलीला ब्रिटिश गायिका केट बुशचं रनिंग अप दॅट हिल हे गाणं राक्षसाच्या तावडीतून खेचून आणतं. दुसऱ्याच दिवशी पोरगी ते गाणं असलेला हाउंड्स ऑफ लव्ह अख्खा अल्बम लावून बसली आणि अजून ऐकते. १९८५चं गाणं, तेव्हा ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंतच गेलं होतं, ३७ वर्षांनी पहिलं आलं. आमच्या नौपाड्याच्या घरात तर हे नावही कुणाला माहीत नव्हतं, मग मी पण गिऱ्हाईकच का?

नेरूळ सेक्टर १९: काकांचे शब्द चुकले, मुद्दा नाही. मी हे गाणं ९१ साली मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकलंय, पट्टी घासून गेली तोवर. बाई आणि पुरुष एकमेकांच्या जागी गेले तर एकमेकांना समजून घेतील, असा अर्थ केट बुशने स्वतः सांगितलाय. मूळ नाव 'अ डील विथ गॉड', देवाचं नाव बघून काही देशांत रेडिओवाले लावणार नाहीत ह्या भीतीने बदललं. आणि सिरीजवाल्यांनी त्याचा भूत पळवायचा मंत्र केला!

घोडबंदरची आई: तुम्ही सिरीज बघितली का पूर्ण? मॅक्सचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत गेलाय, आपण वाचवलं नाही हे तिला खातंय. जागा बदलता आली असती तर, हेच ना ते? माझी आई आयसीयूत होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसून हेच देवाला म्हणत होते. अर्थ काय फक्त नवरा-बायकोपुरता ठेवायचा?

कळव्याचा रेडिओवाला: दोघंही बाजूचं भांडताय. गाणं परत आलं की नाव कुणाचं होतं? गायकाचं. आभाळमाया मालिकेचं शीर्षकगीत कुणाचं, ठाण्यात कुणालाही विचारा, गायिका देवकी पंडित सांगतील, फार तर संगीतकार अशोक पत्की. मंगेश कुलकर्णींनी लिहिलंय हे दहातल्या एकाला तरी सांगता येईल का? आकाशवाणीवर निदान गीतकाराचं नाव आधी सांगायचे.

नेरूळ सेक्टर १९: ह्याचा इथे काय संबंध? प्रत्येक धाग्यात तुमचं तेच रडगाणं.

कळव्याचा रेडिओवाला: रडगाणं?? माझे वडील भावगीतं लिहायचे. एका कॅसेट कंपनीने चार घेतली, कव्हरवर गायकाचा मोठा फोटो आणि वडिलांचं नाव कुठेच नाही. विचारायला गेले तर म्हणाले पुढच्या आवृत्तीत टाकू. पुढची आवृत्ती निघाली, नाव नाहीच. केट बुशने लिहिलं, चाल लावली, गायलं, निर्मितीही स्वतःच केली, म्हणून परत आलं तेव्हा सगळं श्रेय तिच्याच नावावर. उद्या वडिलांचं गाणं एखाद्या मालिकेत वाजलं तर लोक कुणाला शोधतील?

ऐरोली नाका: २०१२ला कॉपीराइट कायदा बदललाय की, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क आता सोडून देता येत नाही. उगाच जुनं उगाळू नका.

कळव्याचा रेडिओवाला: वडील २००४ला गेले. आणि नाव छापायला कायदा कशाला लागतो हो?

घोडबंदरची आई: ऐरोली, जरा दमाने. दादा, तुमचं पटलं. मुलीला आत्ता विचारलं, तिच्या लाडक्या मराठी गाण्यांपैकी एकाचाही गीतकार तिला सांगता आला नाही. मलाही नाही. पण म्हणून सिरीज वाईट ठरत नाही, एवढं तरी माना.

नेरूळ सेक्टर १९: अर्थाबद्दल मी हट्ट धरला असेन, बाकावरचं वाचून गप्प बसलो. सिरीजबद्दल मत तेच आहे. कळवा, ती कॅसेट आहे अजून?

कळव्याचा रेडिओवाला: आहे. टेप बंद पडून दहा वर्षं झाली.

नेरूळ सेक्टर १९: माझा चालू आहे. रविवारी घेऊन या, हेड साफ करून ठेवतो. आणि चारही गाण्यांचे शब्द वडिलांच्या नावासकट लिहून आणा, इथे टाकू.