इंग्लंडच्या आरमारात सागवान का शिरलं?

लकडगंजकर
नागपुरात आलापल्ली-बल्लारशाचा साग म्हटला की दारं, चौकटी, दिवाण. इंग्रजांचं आरमार मात्र शतकानुशतकं ओक झाडाच्या लाकडावर उभं. मग मुंबईच्या गोदीत त्यांच्यासाठी सागाच्या युद्धनौका का बांधल्या? ओक कमी पडला म्हणून, की साग खरंच सरस? आणि लोखंड आल्यावर लाकडाचं काय झालं?

जुनी गोदी
दोन्ही कारणं खरी आहेत. ‘व्हिक्टरी’ या १०० तोफांच्या जहाजाला सुमारे ६,००० झाडं लागली, बहुतेक ओकची. सांगाड्याच्या फासळ्यांना मुळातच बाक असलेली खोडं लागतात, आणि तीच आधी संपतात. युद्ध लांबलं की लाकूड वाळवायला सवड मिळत नाही. ओलं लाकूड, बंद तळ, हवा खेळत नाही, मग बुरशी धरते. ‘क्वीन शार्लट’ १८१० मध्ये पाण्यात उतरली आणि समुद्रावर कामाला जाण्याआधीच कुजलेली निघाली. उलट ‘व्हिक्टरी’चं काम १७५९ ला सुरू झालं, जहाज पाण्यात उतरलं १७६५ ला. मधली वर्षं सांगाडा वाळत राहिला, ते फार उपयोगी पडलं.

दुसरा मुद्दा खिळ्यांचा. ओकमधलं आम्ल ओलाव्यात लोखंड खातं. बोल्टभोवती लाकूड काळं पडतं, भोक सैल होतं, जोड हलू लागतो. सागातलं तेल लोखंड सांभाळतं.

मुंबईत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याच्या हाताखाली ‘मिंडेन’ १८१० ला, ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ ला आणि ‘ट्रिंकोमाली’ १८१७ ला तयार झाली. ब्रिटन आणि चीनमधला १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. एक लक्षात घ्या भाऊ, हा साग आपल्याकडचा नव्हे, मुख्यतः मलबारचा. समुद्रमार्गे ओंडके आणणं सोपं होतं. शिवाय सगळं आरमार सागाचं झालं असंही नाही. बहुतेक जहाजं शेवटपर्यंत ओकचीच राहिली.

लकडगंजकर
पण तळाला तांब्याचा पत्रा मारत होतेच ना? मग लाकूड कुठलं का असेना, काय फरक पडतो?

तांबट आळी
पत्रा पाण्याखालच्या भागापुरता. तो लाकूड पोखरणारा समुद्री किडा अडवतो, शेवाळ आणि शिंपले धरू देत नाही, त्यामुळे वेगही टिकतो. वरचं पाणी आत झिरपून होणारी कूज तो थांबवत नाही. आणि त्याची स्वतःची भानगड वेगळी. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेवर पहिला प्रयोग झाला. १७६३ मध्ये तपासणी केली तर लोखंडी खिळे सडून गेलेले. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले की विजेचा घट (बॅटरीसारखा) तयार होतो आणि लोखंड झिजतं. ज्या खिळ्यांपाशी पत्र्याखालचा तपकिरी कागद मध्ये राहून गेला होता, ते मात्र धड निघाले! उत्तर तिथंच दिसलं होतं, पण सगळ्या आरमाराला पत्रा लागला तो १७७९ नंतर, आणि त्याआधी बोल्ट बदलले नव्हते. तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट १७८० च्या दशकात आले, तेव्हा हे दुखणं आटोक्यात आलं.

जुनी गोदी
अगदी बरोबर. लोखंडाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. १८६० ची ‘वॉरियर’ ही युद्धनौका घ्या: पूर्ण लोखंडी सांगाडा, मधल्या भागावर साडेचार इंच जाडीचं चिलखत, आणि त्यामागे १८ इंच साग! गोळा आदळला की धक्का लाकूड झेलतं, नुसत्या लोखंडावर लोखंड ठेवलं तर बोल्ट तुटतात. ओक तिथं चाललाच नसता, त्याच्या आम्लानं चिलखत मागून गंजलं असतं. चिलखताच्या पाट्या खाच-जिभेच्या सांध्यानं एकमेकींत बसवल्या होत्या. दिसायला मजबूत, पण एका पाटीला मार बसला की शेजारचीला धक्का जातो, आणि बिघडलेली पाटी बदलणं जिकिरीचं. पुढच्या जहाजांत तो सांधा वगळला.

‘वॉरियर’ आज पोर्ट्समथला उभी आहे, ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूलला, आणि ती अजून पाण्यावर तरंगते.