नाइट मोडच्या फोटोत लाल-निळ्या रेघा आणि हिरवा ठिपका, कॅमेरा बदलावा लागेल का?

रानवाट_नाशिक
मंडळी जरा मदत करा. अमावस्येच्या आसपास भंडारदऱ्याला गेलो होतो, आकाश एकदम मोकळं होतं, फोन ट्रायपॉडवर लावून आकाशाच्या मोडमध्ये चार चार मिनिटांचे फोटो काढले. मृग नक्षत्र मस्त आलंय, तारे गोल आहेत, पण झूम केलं की मध्येमध्ये लाल, निळ्या बारीक रेघा दिसतात, सगळ्या एकाच दिशेला तिरक्या आणि सारख्याच लांबीच्या. उल्का म्हणाव्यात तर इतक्या? एका फोटोत खाली डावीकडे रिसॉर्टचा दिवा आलाय आणि वर उजवीकडे हिरवा ठिपका. मित्र म्हणतो यूएफओ, त्याचं सोडा. शिवाय कृत्तिकांच्या बाजूने एक तुटक रेघ गेलीय. दुकानवाला म्हणतो कॅमेरा बदला.

तारांगण_वेडा
थांबा, पैसे घालवू नका. त्या रेघा म्हणजे हॉट पिक्सेल. सेन्सरवरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचे, काही पिक्सेल लांब एक्स्पोजरमध्ये (प्रकाश जास्त वेळ आत घेताना), त्यातून फोन तापलेला असेल तर, उगाचच चमकतात. एरवी ते ठिपके दिसले असते. पण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांत तारे १ अंश सरकले, चंद्राच्या रुंदीच्या साधारण दुप्पट. फोन एकच लांब फोटो काढत नाही, बऱ्याच फ्रेम काढतो आणि तारे एकावर एक बसावेत म्हणून प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतो. तारे गोल राहिले, पण सेन्सरला चिकटलेला ठिपका दर फ्रेमला सरकत गेला आणि त्याची रेघ झाली. म्हणून तर सगळ्या एकाच दिशेला.
खात्री करायची तर प्रो मोडमध्ये लेन्स काळ्या कापडाने पूर्ण झाकून तेवढ्याच आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि सेकंदांचे दोन फोटो काढा. दोन्हीत त्याच जागी रंगीत ठिपके दिसले की विषय संपला. पुढच्या वेळी चार्जिंग काढा, ब्राइटनेस कमी ठेवा, दोन फोटोंमध्ये फोन गार होऊ द्या.

काजवा२७
हिरव्याचं मी सांगते. दिव्यापासून फोटोच्या बरोबर मध्यातून रेघ ओढा आणि तेवढंच अंतर पलीकडे मोजा, ठिपका तिथेच असेल तर ते दिव्याचं लेन्सच्या आतलं प्रतिबिंब. फोन किंचित हलवला की दिवा एकीकडे आणि ठिपका उलट दिशेला पळतो, खरा तारा असं करणार नाही. कॅमेऱ्यावर ती स्वस्तातली काच चिकटवलीय का? असेल तर आधी ती काढा.

रानवाट_नाशिक
काच आहे हो, दुकानवाल्यानेच लावून दिलेली 😅 आणि ठिपका अगदी समोरासमोरच निघाला. आता ती तुटक रेघ?

सह्यकडा
तुकडे कसे आहेत ते बघा. विमान असेल तर ठराविक अंतरावर झगझगीत ठिपके आणि सोबत लाल-हिरवा रंग. उपग्रहाची रेघ सलग असते, फक्त एक फ्रेम संपून दुसरी सुरू होताना बारीकसा खंड पडतो. किती वाजताचा फोटो?

रानवाट_नाशिक
साडेसातच्या सुमाराचा. रंग बिंग काही नाही, लांब लांब तुकडे, शेवटाकडे फिकट होत गेलेत.

सह्यकडा
मग उपग्रहच. संध्याकाळी आपल्याकडे अंधार पडला तरी वर त्याच्यावर ऊन असतं, तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझत जातो. सूर्यास्तानंतरचे दोनेक तास सोडून उशिरा काढलात तर अशा रेघा पुष्कळ कमी येतील. हो, आणि रॉ फाइल (फोनने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) चालू ठेवा, झाकून काढलेला तो काळा फोटो नंतर कॉम्प्युटरवर एकेका फ्रेममधून वजा करता येतो.