मार्थेची गोष्ट ऐकली की दरवेळी मलाच बोल लागल्यासारखं का वाटतं?

मधली_सून

नमस्कार. बरेच दिवस मनात आहे, आज लिहून टाकते.

माझ्या सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. अंघोळ, भरवणं, औषधं, चादरी सगळं माझ्याकडे. हे संध्याकाळी कामावरून आले की मदत करतात, पण त्यांच्या हाताला ते वळण नाही.

नणंद महिन्यातून एकदा येते. आली की आईच्या उशाशी बसते, हात हातात घेते आणि स्तोत्रं वाचते. आवाज फार गोड आहे तिचा. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. भेटायला आलेली माणसं म्हणतात, लेक किती भक्तिमान आहे! तेव्हा मी आत चादरी धूत असते.

मागच्या रविवारी उपदेश लूकच्या दहाव्या अध्यायावर होता. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी. प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, मार्था पाहुणचारात राबली आणि हिला मला मदत करायला सांग म्हणाली. प्रभूने मरीयेची बाजू घेतली. पाळकांनी विचारलं, "आपण मार्था आहोत की मरीया?" ते प्रेमानेच बोलले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझे कान तापले. रविवारच्या शाळेत होते तेव्हापासून ही गोष्ट ऐकतेय, आणि दरवेळी कळतं ते एवढंच, की जी बसली तिचं कौतुक झालं आणि जी राबली तिला बोलणी बसली. घरी आल्यावर यांना म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा, स्तोत्र वाचून चादर धुतली जात नाही." तोंडातून गेलं आणि जीभ चावली. स्तोत्राबद्दल असं बोलले मी!

पण खरी अडचण याहून मोठी आहे. शुभवर्तमान उघडलं की पहिल्याच ओळीला शेवट डोळ्यांपुढे येतो. धाकटा मुलगा परत येणार, शोमरोनी थांबणार, वादळ शमणार. रात्री दोनला कूस बदलून झाली की मला झोप लागत नाही, तेव्हा वाचायला बसते, आणि नजर ओळींवरून नुसती घसरत जाते. याच गोष्टींनी माझ्या आईला जन्मभर सावरलं. माझ्यासाठी त्या ऐकून ऐकून गुळगुळीत झाल्या आहेत. तुम्ही त्या कशा वाचता? मोठं ज्ञान नको, तुमचं रोजचं सांगा.

निवृत्त_परिचारिका

ताई, मी 31 वर्षं वॉर्डात काढली आहेत. दर दोन तासांनी कूस बदलणं म्हणजे काय, ते मला समजावून सांगायला नको. दिवसा ते काम असतं, रात्री ती परीक्षा असते.

माझ्याबाबतीत एक गोष्ट पुन्हा जिवंत झाली ती सांगते. चांगल्या शोमरोन्याची. आमच्या प्रशिक्षणाच्या काळापासून हीच गोष्ट आम्हाला सांगितली जायची, त्यामुळे तुमच्यासारखीच मलाही ती पाठ. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता जवळपास 27 किलोमीटरचा, आणि तेवढ्यात तो सुमारे एक हजार मीटर खाली उतरतो. डोंगराळ, ओसाड वाट, लुटारूंना लपायला जागाच जागा. लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस वाटेत पडलेला. याजक बाजूने गेला, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक, तोही बाजूने गेला, आणि यहुदी ज्यांना परकं मानत त्यांतला एक शोमरोनी थांबला. मी त्यातून काय घेतलं होतं? थांब. कितीही दमलीस तरी थांब.

मग माझे मिस्टर आजारी पडले. दिवसा वॉर्ड, रात्री घर. आठव्या महिन्यात मी त्यांच्यावर ओरडले, पाणी सांडलं एवढ्याशा कारणावरून. त्या रात्री मीही अशीच वाचायला बसले, आणि 35व्या वचनावर अडले. "दुसऱ्या दिवशी." दुसऱ्या दिवशी शोमरोन्याने दोन दिनार काढले, उतारशाळेच्या माणसाला दिले, याची काळजी घे म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि निघाला. आपल्या कामाला निघाला, ताई! इतकी वर्षं माझ्या डोक्यातला शोमरोनी त्या जखमी माणसाच्या खाटेजवळून उठतच नव्हता. प्रभूने सांगितलेल्या गोष्टीत तो एक रात्र थांबतो, काळजी दुसऱ्याच्या हाती सोपवतो, आणि परत येण्याचा शब्द देतो. आणि तरीही प्रभू म्हणतो, जा आणि तूही तसंच कर.

दोन दिनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी दिवसाला एक दिनार ठरवतो, त्यावरून हिशोब लागतो. म्हणजे मदत मोजून दिलेली होती, आणि लागलंच तर आणखी देण्याची तयारी होती. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या दिराला फोन केला आणि आठवड्यातल्या दोन रात्री मागून घेतल्या. तोपर्यंत मला मागणंच पाप वाटत होतं.

आणि तो उतारशाळेचा माणूस. त्याच्यावर उपदेश झालेला मी तरी ऐकलेला नाही. त्याला कळवळा आला असं लिहिलेलं नाही. त्याने पैसे घेतले. पण पुढच्या सगळ्या पट्ट्या त्यानेच बदलल्या असणार. तुम्ही मला त्याच्या जागी दिसता. तुमच्या घरी शोमरोनी महिन्यातून एकदा येतो आणि सगळे त्याचं नाव घेतात. पण गोष्ट तुमच्या दारात येऊन थांबते, तुमच्याशिवाय ती पुढे जात नाही.

मार्थेबद्दल एकच सांगते. लूकपाशी थांबू नका, योहान 11 आणि 12 वाचा. त्यांचा भाऊ लाजर वारल्यावर मरीया घरात बसून राहते आणि मार्था उठून प्रभूला भेटायला वाटेवर जाते. तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असं तिथे तीच म्हणते. मत्तयमध्ये पेत्र म्हणतो तेच. पुढे वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, सहा दिवस आधी त्यांच्या गावी बेथानीत मेजवानी होते, तिथे दोनच शब्द आहेत त्या बाईबद्दल, की मार्था वाढत होती. पुन्हा वाढत होती. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही.

रात्रपाळी

मी फार वाचणारा माणूस नाही. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत एक उतारा वाचतो, तेवढाच. आमच्या मुलाला लहानपणी झटके यायचे, तेव्हापासूनची सवय.

मार्था प्रभूला काय म्हणते बघा, तुला काहीच वाटत नाही का? आता मार्क 4 उघडा. नाव पाण्याने भरत आहे, प्रभू झोपलेला आहे, आणि शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्दसुद्धा तेच आहेत, आमच्या पाळकांनी एकदा दाखवले होते. एकीकडे घरातलं काम, दुसरीकडे समुद्रातलं वादळ, पण माणसाचा प्रश्न एकच. मला त्याने फार धीर आला. कारण मुलाला दवाखान्यात नेताना मीही मनात हेच ओरडत होतो, आणि नंतर वाटलं होतं की आपण प्रभूशी उद्धटपणा केला.

उत्तरही बघा. तिला नावाने हाक मारली आहे, तीही दोनदा. अब्राहाम, अब्राहाम. मोशे, मोशे. शमुवेल, शमुवेल. रागावून हाकलून द्यायचं असलेल्या माणसाला अशी हाक मारत नाहीत.

रविवारचा_वर्ग

मी मुलांचा बायबल वर्ग घेतो, 14 ते 17 वयाची मुलं. वरच्या दोघांचंही पटलं, तरी दोन ठिकाणी थोडं अडतो.

एक. उतारशाळेच्या माणसात स्वतःला पाहण्यात वावगं नाही, पण जपून. प्राचीन काळचे बिशप संत अगस्तीन यांनी या गोष्टीतला प्रत्येक तपशील उलगडला होता. जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि तिथला माणूस म्हणजे चक्क प्रेषित पौल! वाचायला फार सुंदर आहे, पण ज्यावर प्रभूने ही गोष्ट सांगितली तो "माझा शेजारी कोण?" हा प्रश्न त्यात मागे पडतो. मी मुलांना सांगतो, तपशिलापाशी जरूर रेंगाळा, पण गोष्ट कोणी विचारल्यावर सांगितली गेली ते विसरू नका.

दोन. मार्थेच्या गोष्टीची धार आपण घालवू नये. मरीया पायाशी बसली याचा अर्थ ती भावुक होऊन बसली होती असा नाही. पायाशी बसणं म्हणजे शिष्य होणं. पौल यहुदी धर्मगुरू गमलिएलच्या पायाशी शिकला, तोच हा शब्दप्रयोग. त्या काळी एका बाईने ती जागा घेतली आणि प्रभूने ती तिच्याकडून काढून घेऊ दिली नाही. म्हणून वहिनी, गोष्ट काम विरुद्ध भक्ती अशी नाहीच. मार्थेचं वर्णन करताना लूक जो शब्द वापरतो त्याचा अर्थ आहे चहूकडून ओढली जाणं. प्रभू तिच्या कामाला नाव ठेवत नाही, तिच्या फाटत चाललेल्या मनावर बोट ठेवतो. ते बोट माझ्यावरही येतं आणि दुखतं. ते दुखू द्यावं असं मला वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मार्था मरीयेशी एक शब्दही बोलत नाही. ती प्रभूला म्हणते, "तिला सांग." लूकच्याच बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा दे म्हणून. आणि पंधराव्यात, घर सोडून गेलेला धाकटा परत आल्यावर, थोरला मुलगा बापाला म्हणतो, "हा तुमचा मुलगा." माझा भाऊ म्हणत नाही, आणि भावाला भेटायला आत जात नाही. तिघांचीही तक्रार भावंडाची, आणि तिघांनीही ती तिसऱ्याकडेच केली. एकाचाही निरोप पोचवला जात नाही. बाप तर हळूच शब्द बदलून देतो, "हा तुझा भाऊ."

तुम्ही लिहिलं आहे, "तुमच्या बहिणीला सांगा." हे मी दोष काढायला म्हणत नाही. माझ्या सख्ख्या भावाशी मी चार वर्षं आईच्या मार्फतच बोलत होतो. वर्गात हाच उतारा शिकवताना माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मला ठाऊक आहे.

मधली_सून

तुमचं उत्तर वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. तीन वर्षांत मी नणंदेला "चहूकडून ओढली जातेय" असं एकदाही सांगितलेलं नाही. तिने ओळखायला हवं होतं, एवढंच मनात धरून बसले.

परिचारिका ताई, उतारशाळेचा माणूस वाचून मी रडले. चादरी वाळत घालताना तोच डोक्यात असतो.

निवृत्त_परिचारिका

रडलात ते बरं झालं. आता फोन करा. आणि मोजून मागा. "कधीतरी येत जा" असं म्हणू नका, कोणत्या वाराला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते सांगा. दोन दिनार.

मधली_सून

काल केला फोन. हे जवळ नसताना, मी स्वतः.

आधी ती गप्प राहिली. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "वहिनी, मला आईला हात लावायची भीती वाटते. मागे एकदा कूस बदलताना तिचा हात अंगाखाली आला आणि ती कळवळली. तेव्हापासून मी नुसतं वाचते. तेवढंच जमतं मला." मला हे माहीतच नव्हतं. त्या दिवशी मी आत होते.

शनिवारी संध्याकाळी येणार आहे, रविवारी दुपारपर्यंत राहील. रात्र ती सांभाळणार. सगळं सुरळीत होईल असं नाही, तिला मध्येच मला उठवावं लागेल हे ठाऊक आहे. पण शिकवेन. उजवा खांदा धरून ओढायचं नाही, अंगाखालची चादर धरून वळवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची. ती विचारत होती, मग स्तोत्र केव्हा वाचू? मी म्हटलं, पुस्तक बाजूला ठेव, पाठ आहे तेवढं कूस बदलतानाच म्हण. तुझा आवाज आला की आई अंग सैल सोडतात, मी दारातून पाहिलंय. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तीही रडली आणि मीही.

रात्री दोनला मार्क 4 उघडलं. रात्रपाळी दादा, तुम्ही सांगितलेला प्रश्न शोधत होते, पण त्याच्या अलीकडेच थांबले. तो नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता, असं आहे तिथे. उशी! इतक्यांदा ऐकलेली गोष्ट, पण त्या नावेत एक उशी होती हे मला कधी दिसलंच नव्हतं. नुकतीच सासूबाईंच्या गुडघ्यांमध्ये उशी सारखी करून आले होते. पुढे वाचलं नाही. तेवढ्यावरच दिवा मालवला.