मदत हवी आहे: भाऊ क्लबचा फुटबॉलपटू, सुट्टीत पाय दुखावला, कॅम्पला १६ दिवस उरलेत

भुसावळची_बहीण
लवकर उत्तर द्या, वेळ नाहीये. लहान भाऊ क्लबकडून खेळतो. सीझन संपल्यावर मित्रांबरोबर फिरायला गेला आणि पाण्यात पाय दुखावून घेऊन आला. आठ दिवस झाले. गुडघ्याच्या मागे दुखतं, लंगडतो. डॉक्टरांना दाखवलं, गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. गोळ्या आणि आराम. आई रोज तेल लावून चोळते. १६ दिवसांनी कॅम्प, पहिल्याच दिवशी मेडिकल. प्रश्न एकच: क्लबला आधी सांगायचं की नाही? तो म्हणतो सांगितलं तर करार गेला.

हतनूरकर
पाण्यात म्हणजे धरणात का? भाऊ, हतनूरला पोरं कुठूनही उड्या टाकतात, खाली दगड असतात. पावसाळ्यात ४१ दरवाजांपैकी किती उघडतील सांगता येत नाही. दरवर्षी ओरडून सांगतो, कोणी ऐकत नाही.

भुसावळची_बहीण
मी बहीण आहे, नाव वाचा. आणि धरण नाही, गोवा. क्लबला सांगायचं की नाही तेवढं सांगा.

रेल्वे_ग्राउंड
ताई, आधी दुखापत कळू दे. पडताना 'टक्' असा आवाज आला होता का? किती तासांत गुडघा सुजला? माझा एसीएल (गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, हाडं बांधून ठेवणारा) असाच गेला होता, आपल्या रेल्वेच्या मैदानावर, वळताना. माझाही एक्स-रे नॉर्मलच होता. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. मी चार महिने बर्फ लावत बसलो आणि त्यात गुडघ्यातली गादीही फाटली. ऑपरेशननंतर नऊ महिने मैदानाबाहेर. गुडघ्याचा एमआरआय करा, उद्याच करा.

केळीबाग_रावेर
एमआरआयले पैसे कशाले घालता भो? आमच्याकडे हाडवैद्य आहे, दोनदा चोळून देतो, वरून हळद-मिठाचा लेप. माझ्या पुतण्याचा पाय तिसऱ्या दिवशी मोकळा झाला. तापीत पोहून मोठे झालो आम्ही, कोणाचं काही मोडलं नाही.

रेल्वे_ग्राउंड
पुतण्याचा मुरगळला असेल. मुरगळलेला पाय चोळला नसता तरी तिसऱ्या दिवशी मोकळा झालाच असता. इथे पोराच्या पोटाचा प्रश्न आहे, कृपा करून चोळायला सांगू नका.

केळीबाग_रावेर
तुमचा गुडघा डॉक्टरांकडेच गेला ना, मग चार महिने का बसले?

मैदानी_ताई (स्पोर्ट्स फिजिओ, जळगाव)
दोघंही थांबा. ताई, चार गोष्टी सांगा. नेमका कोणता खेळ होता? बनाना बोट, जेट स्की, की बोटीमागे दोरी धरून उभं राहतात तो? पाय कशात अडकवलेले होते का? काळंनिळं कुठे आहे, गुडघ्यावर की मांडीला? आणि कडक खुर्चीवर नीट बसू शकतो का?

शिरपूरचा_वाचक
जेट स्कीवर बसणाऱ्यांनी जाड वेटसूटची पँट घालावी. मागे पडलं तर पाण्याचा झोत शरीरात घुसून आतल्या अवयवांना इजा होते, गाडीवरच सूचना लिहिलेली असते. आपल्याकडे पर्यटक बर्म्युडावर बसतात. लक्षात असू द्या.

भुसावळची_बहीण
जेट स्की नव्हतीच. वॉटर स्कीइंग. पायाला लांब पट्ट्या बांधतात आणि बोट ओढते. पहिल्यांदाच केलं. पाण्यातून उठताना पुढे ओढला गेला आणि मांडीत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं म्हणतो. काळंनिळं मांडीच्या मागे आहे, वरपासून गुडघ्यापर्यंत उतरलंय. गोवा एक्सप्रेसने परत येताना भुसावळपर्यंत एका कुल्ल्यावर बसून आला. आता हे सगळं कशाला विचारताय, उत्तर द्या ना.

मैदानी_ताई
ताई, हेच उत्तर आहे. हा गुडघा वाटत नाही. मांडीच्या मागचे स्नायू ज्या हाडाला चिकटतात, म्हणजे आपण ज्यावर बसतो त्या हाडापासून कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) सुटल्याची शंका आहे. वॉटर स्कीइंगमध्ये नवख्यांना होणारी ही अगदी ठरलेली दुखापत. गुडघे वाकवून, उकिडवं राहून बोटीला ओढू द्यायचं असतं. नवखा माणूस घाईत पाय सरळ करतो. पाय सरळ, कंबर वाकलेली आणि बोटीचा हिसका, सगळा ताण त्या एका जागी येतो. रक्त खाली उतरतं म्हणून गुडघ्याशी निळं दिसतं आणि सगळे गुडघाच तपासतात.

चोळणं आजपासून बंद. स्ट्रेचिंगही नाही. एमआरआय गुडघ्याचा नको, कुल्ल्याचा (पेल्व्हिसचा) आणि मांडीचा हवा. कंडरा पूर्ण सुटून खाली सरकला असेल तर बहुतेकदा ऑपरेशन लागतं आणि ते पहिल्या तीन-चार आठवड्यांत सोपं जातं. नंतर तो आक्रसतो, चिकटतो, शेजारच्या मोठ्या नसेपासून सोडवावा लागतो. तुमचे आठ दिवस गेले आहेत. कॅम्पपर्यंत लपवलंत तर चोवीस जातील.

रेल्वे_ग्राउंड
मी गुडघा म्हणून बसलो होतो. मैदानी ताईंचं ऐका.

भुसावळची_बहीण
चोळणं थांबवलं. आई रडतेय, तिला वाटतं तिच्यामुळे वाढलं. पण करार?

करार_नीट_वाचा
सही झाली आहे का? की नुसतं फोनवर ठरलंय? सगळं यावर आहे.

भुसावळची_बहीण
एप्रिलमध्ये सही झाली. दोन सीझनचा. रजिस्ट्रेशन व्हायचं आहे.

करार_नीट_वाचा
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. फिफाच्या खेळाडू-हस्तांतरणाच्या नियमांत कलम १८ मध्ये स्पष्ट आहे की कराराची वैधता मेडिकलच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणजे मेडिकलमध्ये नापास म्हणून सही केलेला करार आपोआप रद्द होत नाही. पण दुसरी बाजूही बघा. व्यावसायिक करारांत बहुधा अट असते की तंदुरुस्तीला धोका होईल किंवा विमा बाद होईल असं काही करायचं नाही. त्यावरून दंड, पगारकपात असं काही निघू शकतं. करार काढून ते पान वाचा. लपवून कॅम्पला गेला आणि तिथे पकडला गेला, तर स्कीइंगपेक्षा लपवणं जास्त महागात पडेल. अडलं तर फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडियाला लिहा, खेळाडूंचीच संघटना आहे.

नंदुरबार_एक्स्प्रेस
काही होत नाही हो. जर्मनीचा गोलकीपर मॅन्युएल नॉयर डिसेंबर २०२२ मध्ये वर्ल्ड कपहून आला आणि बर्फावर स्कीइंगला जाऊन पाय मोडून घेतला. त्याच्या क्लबने, बायर्नने काढला का? ऑक्टोबर २०२३ मध्ये परत गोलमध्ये उभा होता.

रेल्वे_ग्राउंड
तो नॉयर आहे. त्याच्यासाठी क्लब दहा महिने थांबतो. आपल्या पोराच्या जागेवर दहा दिवसांत दुसरा उभा राहतो.

नंदुरबार_एक्स्प्रेस
मग घरीच बसायचं का? २००२ मध्ये स्पेनचा गोलकीपर कॅनिझारेसच्या पायावर हॉटेलात आफ्टरशेव्हची बाटली पडली आणि वर्ल्ड कप गेला. त्याच्या जागी कॅसियास त्यामुळेच खेळला.

करार_नीट_वाचा
बाटली पडणं अपघात आहे. पट्ट्या बांधून बोटीमागे उभं राहणं ही निवड आहे. करारात फरक तिथेच पडतो.

धुळे_नोकरी_कट्टा
रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात आली की त्याला भरायला लावा. क्लबचं काही खरं नसतं, सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी.

हतनूरकर
आणि इथे काही लोक हतनूरला वॉटर स्पोर्ट्स आणा म्हणतात. हिवाळ्यात तिथे हजारो पाहुणे पक्षी उतरतात. बोटींच्या आवाजाने ते उठून जातील. हा विषय वेगळा आहे, माहीत आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

भुसावळची_बहीण
जळगावला एमआरआय केला. तीनपैकी दोन कंडरा हाडापासून सुटल्यात, अडीच सेंटिमीटर खाली सरकल्यात. सर्जन म्हणाले ऑपरेशन करा, सहा महिने तरी मैदान नाही. ते पान वाचलं, अट आहे. 'धोकादायक साहसी खेळ' असंच लिहिलंय. भाऊ दोन तास काही बोलला नाही. मग त्याने स्वतः क्लबच्या फिजिओला फोन लावला, मी फक्त शेजारी बसले. त्यांनी रिपोर्ट मागवलाय आणि पुण्याला आपल्या सर्जनला दाखवायला बोलावलंय. पैशाचं नंतर बोलू म्हणाले.

करार_नीट_वाचा
आज झालेलं सगळं त्यांना ईमेलने लिहून पाठवा. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

मैदानी_ताई
पुण्याला बसून नेऊ नका. पालथा किंवा कुशीवर झोपून जाईल असं बघा.

भुसावळची_बहीण
महाराष्ट्र एक्सप्रेसला वेटिंग ४० दाखवतंय. परवा पोहोचायचंय. कोणाची गाडी जाणार असेल तर सांगा, मागची पूर्ण सीट लागेल.

केळीबाग_रावेर
आमची बोलेरो उद्या रात्री पुण्याले जाते, मार्केट यार्डात काम आहे. मागे गादी टाकून देतो. दहा वाजता नाहाटा चौफुलीवर थांबा.